शेवटचं कडवं

मार्च अर्धा सरला की माझ्या गाळ्यावर पोरांची ये-जा वाढते. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये माझं मोबाइल दुरुस्तीचं काम आहे. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगचा जॅक बसवणं, पाण्यात पडलेला हँडसेट सुकवणं. पण जुनी गिऱ्हाइकं मला अजून गाणीवाला म्हणूनच ओळखतात, कारण आधी भुसावळला स्टेशनच्या अंगाला माझं कॅसेटचं दुकान होतं. त्यामुळे १४ एप्रिल जवळ आला की पेनड्राइव्ह पुढे सरकवून विचारणा होते, "काय भो, जयंतीचं नवीन काय आलं?"

जयंतीचं म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांच्या वाढदिवसाचं. ज्यांच्या घरात ही गाणी वाजत नाहीत त्यांना वाटतं की वर्षातून एकदा रस्त्यावर गोंगाट होतो, तोच हा. आत काय आहे ते ऐकायला ते थांबलेले नसतात. एका माणसाच्या वाढदिवसासाठी नव्वद वर्षांहून अधिक काळ गाणी रचली जातात. ती लिहिणारे बहुतेक गिरणीत, रेल्वेत, शेतात राबणारे. आणि ऐकणारा श्रोता असा की त्याला गाणं आवडतं म्हणून तो ऐकत नाही, त्या जन्माचं आपण देणं लागतो म्हणून ऐकतो.

जयंतीची सुरुवात पुण्याची सांगतात. १४ एप्रिल १९२८ रोजी जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी तिथे पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. बाबासाहेबांना त्या दिवशी ३७ वर्षं पूर्ण होत होती आणि महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला जेमतेम वर्ष झालं होतं. म्हणजे आपल्याकडे जयंती बहुधा गेलेल्या माणसाची होते, ही मात्र हयात माणसाची सुरू झाली. पुढे १९३०च्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे जलसाकार गावोगाव फिरू लागले. सत्यशोधकांच्या जलशांची वाट आधीच मळलेली होती. तमाशाचा घाट, ढोलकी, तुणतुणं, सवाल-जवाब, पण विषय पाणवठ्याचा, शाळेचा, सावकाराचा. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसांना महाडला काय घडलं आणि पुण्यात कसला करार झाला, हे या जलशांतून कळलं.

गिऱ्हाईक दोन कर्डकांची हटकून गल्लत करतं. भीमराव वेगळे, वामनदादा वेगळे. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२चा. मुंबईत मोलमजुरी करणाऱ्या या माणसाला अक्षरओळख झाली तीच मोठेपणी. १९४३ मध्ये त्यांनी पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी सिनेगीताचं विडंबन. या गोष्टीला नाक मुरडणारे मी पाहिले आहेत. म्हणे, चाल उसनी. अरे, पण उसनी चाल घेण्यात केवढं डोकं आहे! चाल लोकांच्या ओठांवर आधीच असते, शिकवायला लागत नाही, पेटीवाल्याला नोटेशन द्यावं लागत नाही. फक्त शब्द नवे. रात्री एका वस्तीत म्हटलेलं गाणं सकाळी दुसऱ्या वस्तीत पोचतं, कारण ऐकणाऱ्याला निम्मं पाठ असतंच. कव्वालीच्या चाली घेतल्या त्याही याच हिशेबाने. भुसावळला रेल्वे कॉलनीत बाई-बुवांच्या कव्वालीचे मुकाबले पहाटेपर्यंत रंगायचे. माझे वडील लोको शेडमध्ये खलाशी होते. रात्रपाळी संपवून ते घरी न जाता मांडवात येऊन बसायचे आणि आई डबा तिथेच आणून द्यायची.

वामनदादांचं 'उद्धरली कोटी कुळे' हे वाढदिवसाच्या गाण्यांतलं सगळ्यात थोर गाणं, असं माझं मत आहे. त्याचा विषय फक्त जन्म. इतर वाढदिवसांच्या गाण्यांत ज्याचा वाढदिवस त्याला आयुष्य लाभो असं मागतात. इथे उलट आहे. त्याच्या जन्मामुळे आम्हाला काय लाभलं, त्याचा जमाखर्च मांडलेला. दुकानात एक आजी यायच्या, वरणगावकडच्या. त्यांना गाण्याचं नाव सांगता यायचं नाही. काउंटरला टेकून त्या पहिली ओळ गुणगुणायच्या आणि म्हणायच्या, "बाबा, हे मले दोन्ही बाजूले भरून दे." एकच गाणं, कॅसेटच्या दोन्ही बाजूंना, परत परत. मला आधी गंमत वाटायची. पण त्यांना रीळ उलटं फिरवायचं बटण दाबता येत नव्हतं आणि गाणं संपू नये असं वाटत होतं. हिशेब सरळ होता.

कॅसेटने या गाण्यांचं नशीब बदललं. १९८०च्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेट बाजारात आणली. तोवर रेकॉर्ड काढायची तर मोठी कंपनी लागायची. आता लहान कंपन्या निघाल्या. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज टपरीटपरीवर पोचले. फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबईहून नव्या कॅसेटची खोकी यायची. जळगाव-भुसावळचा एप्रिल म्हणजे ४२-४३ अंश. दुपारी काउंटरवर ऊन आलं की कॅसेटचं प्लास्टिक वाकायचं, त्यामुळे नवा माल मी ओल्या गोणपाटाखाली ठेवायचो. गिऱ्हाइकाने मागितलं की डेकवर लावून दाखवायचं. पूर्ण गाणं ऐकल्याशिवाय कोणी विकत घ्यायचं नाही.

पूर्ण गाणं म्हणजे शेवटचं कडवंसुद्धा. या लेखाचं मूळ तिथेच आहे.

जयंतीच्या या गाण्याच्या, म्हणजे भीमगीताच्या, शेवटच्या कडव्यात रचणारा आपलं नाव गुंफतो. वामनदादांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. ही रीत वारकऱ्यांची आहे. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं, तीच नाममुद्रा. मुक्ताबाईच्या अभंगांत ती 'मुक्ताई' अशी येते. मुक्ताईची समाधी आपल्याच जिल्ह्यात. कोथळी-मेहूणचा परिसर तिचा आणि तिच्याच नावावरून एदलाबादचं मुक्ताईनगर झालं. ज्याला छापखाना नाही, कॉपीराइट ऑफिस ठाऊक नाही, त्याने आपली सही गाण्यातच करून ठेवायची. कागद हरवला तरी सही हरवत नाही, कारण ती चालीत बसवलेली असते. ज्याला गाणं पाठ, त्याला कवीचं नाव पाठ.

त्याच मुक्ताईनगरचे होते प्रतापसिंग बोदडे. वामनदादांचे पट्टशिष्य. महाराष्ट्रात कुठेही जा, 'दोनच राजे इथे गाजले' हे गाणं माहीत नसलेला मंडळाचा कार्यकर्ता भेटायचा नाही. ते बोदड्यांचं. 'भीमराज की बेटी' म्हणून जे हिंदी गाणं मुली टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणतात, तेही त्यांचंच. तापी-पूर्णेच्या काठचा माणूस लिहितो रायगड आणि महाडवर. म्हणजे १६७४चा राज्याभिषेक आणि १९२७चा पाण्याचा सत्याग्रह एकाच गाण्यात बसवतो. रायगड आणि चवदार तळं दोन्ही महाड तालुक्यात, हा भूगोल कोकणातल्या कवीलाही सुचला असता. पण तो सुचला खान्देशातल्या कवीला. एका गाण्यात दोन जयंत्यांची सोय झाली. फेब्रुवारीत शिवजयंतीला ते वाजतं, एप्रिलमध्ये भीमजयंतीला वाजतं. दोन वेगळ्या मंडळांची पोरं एकाच पेनड्राइव्हमध्ये तेच गाणं मागतात, हे मी गाळ्यावर बसून पाहतो. एखाद्या शांतता समितीच्या बैठकीत हे साधलेलं मला आठवत नाही.

बोदडे जानेवारी २०२२ मध्ये गेले. त्या आठवड्यात गाळ्यावर आलेल्या कॉलेजच्या पोरांना मी विचारलं, "हे गाणं कोणाचं?" उत्तरं आली ती गायकांच्या नावांची. कवी आपल्या घरापासून ५०-६० किलोमीटरवर राहत होता, हे एकालाही माहीत नव्हतं. पोरांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांनी गाणं कधी शेवटपर्यंत ऐकलेलंच नसतं.

का नसतं, ते आता सांगतो. मिरवणुकीत आयशर गाडीवर टॉप आणि बेसच्या पेट्यांची भिंत उभी असते. डीजेवाला जे वाजवतो ते मूळ गाणं नसतं, रीमिक्स असतं. तो लॅपटॉपवर मूळ गाणं उघडतो, ठेक्याचा वेग वाढवतो, मुखडा घेतो, पहिलं कडवं घेतो, मधले पेटी-ढोलकीचे तुकडे काढून तिथे बेस घालतो आणि परत मुखड्यावर येतो. नाचणाऱ्याला मुखडा हवा असतो. दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं गेलं तर पाय थंड पडतात, असं ऑपरेटर सांगतात आणि त्यात तथ्य आहे. सहा मिनिटांचं गाणं अडीच-तीन मिनिटांत बसतं. जे कापलं जातं त्यात नाममुद्रेचं कडवं पहिलं. बरं, एवढ्यावर थांबत नाही. आपलं रीमिक्स दुसऱ्याने चोरू नये म्हणून रीमिक्स करणारा मध्ये मध्ये स्वतःचं नाव घुसवतो, घुमवलेल्या आवाजात, 'डीजे अमुक, तमुक साउंड, धुळे' असं. म्हणजे सही करायची जुनी रीत शाबूत आहे, फक्त सही बदलली. कवीची खोडली आणि कात्री चालवणाऱ्याची झाली.

मी डीजेच्या विरोधात नाही, हे स्पष्ट करतो. डीजे बंद करा म्हणणाऱ्यांतले बरेच जण इतर उत्सवांच्या वेळी गप्प असतात, हे मला दिसतं. ज्या वस्तीला गावातून वाजतगाजत जायला मज्जाव होता, तिने एक दिवस दणदणीत वाजवलं तर कानाला बोटं लावणाऱ्याने आधी मागची दोनशे-तीनशे वर्षं ऐकावीत. माझं भांडण आवाजाशी नाही, कात्रीशी आहे.

शिवाय भीमगीत सगळीकडे बिनधोक वाजतं असं समजू नका. मे २०१५ मध्ये शिर्डीत लग्नाला आलेल्या एका नर्सिंगच्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर भीमगीताची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याला उचलून नेऊन मारून टाकण्यात आलं. ती बातमी आली तेव्हा माझं काम रिंगटोन भरून द्यायचंच होतं. दुसऱ्या दिवशी सावद्याकडचे एक काका मुलाचा मोबाइल घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, याच्यातलं गाणं काढा. साधी ट्रिंग ट्रिंग ठेवा." मी काढलं. संध्याकाळी पोरगा आला, मोबाइल काउंटरवर आपटल्यासारखा ठेवला आणि म्हणाला, "परत टाका. आणि आवाज फुल्ल ठेवा." मी तेही केलं. दोघांकडून पैसे घेतले नाहीत. कोण बरोबर, हे ठरवायचं काम मोबाइल दुरुस्तीवाल्याचं नाही. पण दोघांनाही मी मनातून बरोबरच म्हटलं होतं.

माझा भाचा पुण्याला शिकतो. तो म्हणतो, "मामा, आपलं भीमगीत म्हणजे पंक आहे." मग त्याने मला पंक समजावून सांगितलं. १९७६-७७ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये बेकारीने त्रासलेल्या पोरांनी हे संगीत उचलून धरलं. तीन सूर वाजवता आले की बँड काढायचा, मोठी कंपनी घेत नसेल तर आपणच छोटी काढायची. १९७७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली तेव्हा सेक्स पिस्टल्स नावाच्या बँडने तिच्यावर जळजळीत गाणं काढलं आणि बीबीसीने ते वाजवायला नकार दिला. मी ते ऐकलं. राग ओळखीचा वाटला. साधी वाद्यं, छोट्या कंपन्या, रेडिओची नावड, हेही जुळतं. पण पंकवाल्यांना आपल्या आईबापांचाही राग आहे. आपल्याकडे आजी, सून आणि कडेवरचं पोर एकाच मांडवात तेच गाणं म्हणतात. त्यामुळे भाच्याला मी निम्मेच मार्क दिले.

मला जवळचं वाटतं ते दुसरं उदाहरण. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांचा वाढदिवस १५ जानेवारीचा. १९६८ मध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्या जन्मदिनाला राष्ट्रीय सुटी मिळावी म्हणून त्यांच्या माणसांनी वर्षानुवर्षं लढा दिला. स्टीव्ही वंडर या अंध गायकाने १९८०च्या आपल्या अल्बममध्ये त्याच मागणीसाठी 'हॅपी बर्थडे' नावाचं गाणं केलं आणि सभा-मोर्चांत तो स्वतः उभा राहिला. १९८३ मध्ये कायद्यावर सही झाली आणि जानेवारी १९८६ मध्ये पहिली सुटी पाळली गेली. आज तिथली काळी कुटुंबं घरातल्या पोराचा केक कापतानासुद्धा तेच गाणं म्हणतात. वाढदिवसाच्या गाण्याने सरकार हलवलं, याचं हे उघड उदाहरण.

आणि जगभर केक कापताना म्हणतात त्या 'हॅपी बर्थडे टू यू'ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. चाल अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या दोन बहिणींची, १८९३ मध्ये छापलेली, शाळेत सकाळी म्हणायच्या गाण्यासाठी. पुढे एक बडी कंपनी त्या गाण्याचे पैसे वसूल करत राहिली. २०१५ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीचा हक्क नाकारला आणि २०१६ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली. बहिणींची नावं तुम्हाला माहीत होती? मलाही कॅसेट विकत होतो तोवर नव्हती. त्यांच्या गाण्यात शेवटचं कडवं नव्हतं.

आपल्याकडच्या कवींना कंपन्या बहुतेकदा एकरकमी पैसे देऊन मोकळ्या होत. २०१२ मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. पण वाटा मागायचा तर आधी गाणं कोणाचं हे नोंदलेलं हवं. यूट्यूबवर भीमगीताखाली गायक असतो, कंपनी असते, शूटिंग करणारा असतो, रीमिक्स करणारा तर असतोच. गीतकाराच्या जागी पुष्कळदा 'पारंपरिक' लिहिलेलं असतं. बोदड्यांसारखा जो २०२२ पर्यंत हयात होता, तो पारंपरिक कसा?

गाणं अखंड ऐकायला मिळतं अशा दोन जागा मला ठाऊक आहेत. पहिली धुळ्याची. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंग किल्ल्याजवळच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. मुंबई-आग्रा रस्त्यापासून आत, पावसाने हिरव्या झालेल्या टेकड्यांत, माणसं डबे बांधून येतात. पुस्तकांची दुकानं लागतात. झाडाखाली कोणी पेटी काढून बसतं, शेजारी ढोलकी, समोर पाच-पंचवीस माणसं. तिथे कात्री नाही. गाणारा शेवटच्या कडव्याला येतो, कवीचं नाव घेतो, तेव्हा ऐकणारा एखादा म्हातारा 'वा' म्हणत दहाची नोट पेटीवर ठेवतो. नावावर ठेवतो, सुरावर नाही.

दुसरी जागा म्हणजे १३ एप्रिलची मध्यरात्र. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांना सरकार १२ वाजेपर्यंत मुभा देऊ शकतं. १२च्या पुढे कोणालाच नाही. आणि वाढदिवस लागतो तो १२ला! जळगावला स्टेशनजवळच्या पुतळ्यापाशी पांढऱ्या कपड्यांतली गर्दी जमलेली असते, मेणबत्त्या असतात, निळे झेंडे असतात, कोणीतरी केक आणलेला असतो. घड्याळ १२वर येतं आणि पोलिसांच्या इशाऱ्याने पेट्या बंद होतात. मग बायका सुरू करतात, नुसत्या टाळ्यांवर. त्यांना रीमिक्स येत नाही. त्यांना आईकडून आलेलं गाणं येतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गेल्या वेळी माझ्या शेजारी उभा असलेला एक डीजे ऑपरेटर शेवटचं कडवं ऐकून मला म्हणाला, "हे पण आहे का याच्यात?" त्याने ते गाणं त्या संध्याकाळी किती वेळा वाजवलं असेल, त्यालाच ठाऊक.

वामनदादा १५ मे २००४ला गेले आणि त्यानंतर महिना-सव्वा महिन्यात, २३ जूनला, प्रल्हाद शिंदे गेले. लिहिणारा आणि गाणारा एकाच वर्षी संपला. गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये राहतो, त्याची मला काळजी नाही. लिहिणाऱ्याचं फक्त ते एक कडवं आहे.

तेव्हा मंडळांच्या अध्यक्षांना आणि कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. डीजेची सुपारी देताना पैशांबरोबर एक अट घाला. मिरवणुकीत निदान एक गाणं अख्खं वाजलं पाहिजे आणि ते कोणाचं हे माइकवर सांगितलं पाहिजे. यूट्यूबवर टाकणाऱ्यांनी 'पारंपरिक' खोडून गीतकाराचं नाव लिहावं. माहीत नसेल तर घरातल्या म्हातारीला गाणं शेवटपर्यंत म्हणायला सांगावं, नाव निघेल. अख्खी गाणी लागत असतील तर पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे या, भरून देतो. त्याचे पैसे घेत नाही. डिस्प्लेचे घेतो.